बार्शीटाकळी ते अंधेरी: आधी कातळ, मग रात्र, शेवटी समुद्र

ही कृती वऱ्हाडातल्या त्या पोरासाठी आहे, ज्याला पुरुष आवडतात, ज्याला दोरावर दगड चढून पाहायचाय, ज्यानं समुद्र बहुतेक सिनेमातच पाहिलाय आणि ज्याला हे तिन्ही एकाच सुट्टीत, सोबत कुणाला न घेता करायचंय. त्यासाठी बँकॉक गाठायला नको, गोव्याचीही गरज नाही. अकोल्याहून रात्री गाडीत बसलं की सुमारे ५८० किलोमीटरवर मुंबई आहे, आणि तिथं कातळ, किनारा आणि आपल्यासारख्यांची रात्र या तिन्ही गोष्टी लोकल-मेट्रोच्या टप्प्यात आहेत. लागतात तीन दिवस: शुक्रवार, शनिवार, रविवार. गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी पहाटे परत.

बहुतेकांचं गणित बिघडतं ते क्रमात. उतरल्या उतरल्या समुद्र, रात्री पार्टी आणि दुसऱ्या दिवशी चढाई, असा बेत सगळ्यांना आधी सुचतो. तो मोडून टाका. खाऱ्या पाण्यात तासभर भिजलं की बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडते, आणि खरखरीत बेसाल्टवर ती पहिल्या अर्ध्या तासातच सोलून निघते. रात्रभर नाचलेल्या, त्यातून दारू प्यालेल्या माणसाचा तोल आणि पकड दुसऱ्या सकाळी भरवशाची नसते. दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याच्याशीही तो अन्याय आहे. म्हणून आधी कातळ, त्याच दिवशी दुपारची झोप, मग रात्र, आणि सगळं झाल्यावर समुद्र. खरचटलेली बोटं मीठपाण्यात झोंबतील, पण तेवढं चालतं.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला धरा. सकाळी दगड थंड असतो, हाताला घाम कमी येतो, पकड चांगली बसते. मुंबईची प्राइड परेड २००८ मध्ये सुरू झाली. ती बहुतेक जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत असते. तो आठवडा जमला तर शहरात मेळावे, नाटकं, पार्ट्या सगळंच जास्त असतं. पावसाळ्यात हा बेत करू नका. कातळ शेवाळलेला असतो, समुद्र उधाणलेला असतो आणि किनाऱ्यावर विषारी जेलीफिश येऊन पडतात.

साहित्य

रेल्वेचं आरक्षित तिकीट, जातानाचं आणि येतानाचं. आधार कार्ड किंवा वाहन परवाना, ज्यावर जन्मतारीख स्पष्ट आहे. गुडघ्यात वाकता येईल अशी सैल पँट, दोन सुती टीशर्ट, पार्टीसाठी एक आवडता शर्ट. नखं कापायचं कटर, बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी. टॉवेल, साध्या चपला, पाण्याची बाटली. कंडोम आणि पाण्याचं वंगण. थोडी रोकड, कारण तुमचं खातं वडिलांसोबत जोडखातं असेल किंवा पासबुक घरातलं कुणी भरून आणत असेल, तर क्लबचं नाव यूपीआयच्या नोंदीत उमटायला नको. पॉवर बँक. चढाईचे बूट, हार्नेस, हेल्मेट विकत घेऊ नका. पहिल्या वेळी ते भाड्यानं मिळतात.

आणि एक माणूस. ज्याला तुमच्याबद्दल खरं ठाऊक आहे, ज्याला तुम्ही तीन दिवस आपलं लाइव्ह लोकेशन पाठवाल आणि जो रात्री दोन वाजताही फोन उचलेल. तो अकोल्यात असो, पुण्यात असो, की फक्त फोनवरचा जुना मित्र असो. असा कुणीच नसेल तर सहल महिनाभर पुढे ढकला आणि तो महिना असा माणूस शोधण्यात घाला. नागपूरचा सारथी ट्रस्ट, मुंबईचा हमसफर ट्रस्ट या संस्था याच कामासाठी उभ्या आहेत, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

घरी काय सांगायचं

"एकटाच काऊन चालला गा मुंबईले?" हा प्रश्न घरात येईल, पानठेल्यावर येईल, एस.टी.त शेजारी बसलेला काकाही विचारेल. उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि ते खरं असू द्या: "डोंगर चढायचं शिकाले चाललो." ही कृती चढाईभोवती बांधण्यामागं हेही एक कारण आहे. जे सांगता येतं ते पूर्ण सांगायचं, कातळाचे फोटो दाखवायचे, दोराच्या गाठी भावाला शिकवायच्या. उरलेलं कुणाला, कधी, किती सांगायचं हा हक्क तुमचा आहे. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं मनाला लावून घेऊ नका. ज्या घरात तुम्ही जेवता, झोपता आणि ज्याच्यावर तुमचं शिक्षण किंवा शेती अवलंबून आहे, तिथं आपली वेळ आपण निवडावी.

निघण्यापूर्वी फोन नीट करा. स्क्रीन लॉक लावा. लॉक असताना मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा. ग्राइंडरसारखं अॅप वापरत असाल तर चेहऱ्याचा फोटो गावात असताना काढून टाका. ही अॅप्स अंतर दाखवतात, आणि बार्शीटाकळीसारख्या गावात 'चारशे मीटर' एवढं कळणंही पुरेसं असतं.

तयारी

दोन महिने आधी सुरुवात करा. तिकीटही तेव्हाच लागतं, कारण आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि विदर्भ एक्सप्रेस, अमरावती-मुंबई एक्सप्रेस या गाड्यांच्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात.

शरीराची तयारी साधी आहे. शेतात काम केलेल्या हातांना पकड असते. कमी पडतात ते खांदे आणि पायाची बोटं. लिंबाच्या जाड फांदीला लोंबकळा, दहा सेकंद, मग वीस. एका पायावर उभं राहून दात घासा. रविवारी अकोटच्या पुढं नरनाळा किल्ला चढून या, दम आणि पोटऱ्या तयार होतात. मात्र किल्ल्याच्या तटाला हात घालू नका. नरनाळा असो की पातूरची लेणी, संरक्षित वास्तूवर चढणं गुन्हा आहे आणि जुन्या बांधकामाचा दगड केव्हा सुटेल याचा भरवसा नाही.

मुंबईत ज्या दगडावर चढायचंय तो तुम्हाला परका नाही. आपल्या कापसाच्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट आहे, लाव्हारसाच्या थरांवर थर बसून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेला, तोच दख्खनचा कातळ सह्याद्रीत आणि मुंबईच्या टेकड्यांत उघडा पडलाय. त्याच्या पकडी बहुधा आडव्या, बोटाच्या पेराएवढ्या अरुंद कपारी असतात. म्हणून बोटं सावकाश तयार करायची. घाईनं दुखावलेली बोटाची शीर महिनोन् महिने बरी होत नाही.

गुरुवार रात्र, शुक्रवार

बार्शीटाकळीहून अकोला वीसेक किलोमीटर. पूर्णा-अकोला मार्गावरची पॅसेंजर मिळाली तर ठीक, नाहीतर एस.टी. पुरते. गाडीत वरचा बर्थ घ्या, सकाळी दादरला उतरा, पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जा आणि अंधेरीची लोकल धरा. फोनमध्ये एम-इंडिकेटर हे अॅप आधीच घालून ठेवा, लोकलचं वेळापत्रक त्यात असतं.

मुक्काम अंधेरीत, मेट्रोच्या जवळ. कारण एका बाजूला वर्सोवा आणि जुहू, दुसऱ्या बाजूला घाटकोपरमार्गे नवी मुंबई, आणि रात्रीची बरीच ठिकाणं अंधेरी-वांद्र्याच्या पट्ट्यात. हॉस्टेलमध्ये खाट घेतली तर पैसे वाचतात आणि लॉकर मिळतो. मात्र पुढं कुणाला खोलीवर आणायची शक्यता ठेवायची असेल तर स्वतंत्र खोली घ्या आणि पाहुण्याचा नियम आधीच विचारून ठेवा. दोन प्रौढ पुरुषांनी एक खोली घेण्याला कुठलाही कायदा आड येत नाही. हॉटेलवाल्याचा स्वतःचा नियम असू शकतो, तो पैसे भरण्यापूर्वी कळलेला बरा.

दुपारी झोप. संध्याकाळी एखाद्या इनडोअर क्लाइंबिंग जिमला जा, नवख्यांचा वर्ग आधी फोनवर ठरवून. इथं तीन गोष्टी शिकायच्या. पडायचं कसं: दोन्ही पाय एकदम टेकवून, गुडघे वाकवून, पाठीवर लोळत; हात मागं टेकवले तर मनगट जातं. आठाची गाठ स्वतः बांधायची आणि समोरच्याकडून तपासून घ्यायची. आणि पायांवर विश्वास ठेवायचा, कारण नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढत राहतो आणि दहा मिनिटांत संपतो.

इथं जिभेलाही काम आहे. "उद्या बाहेर कुणी चढायला चाललंय का?" हे विचारा. चढणारे लोक आपणहून बोलावतात. अनोळखी माणसाच्या हातात आपला दोर द्यायचा आणि त्याचा आपण धरायचा, यातून जी ओळख होते ती सरळ असते, तिला अॅपवरच्या 'हाय'ची गरज पडत नाही. गावातून आलेल्या, मनातलं कधी कुणाला न सांगितलेल्या मुलासाठी मुंबईतली पहिली ओळख अशी होणं मला फार मोलाचं वाटतं.

शनिवार सकाळ: कातळ

बेलापूर. मुंबईच्या चढाईच्या इतिहासात या नावाला वजन आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या गिरिविहार या संस्थेनं बेलापूरच्या कातळांवर वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, आणि २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत आणला. जगभरचे चढणारे वाशी-बेलापूर भागात येऊन राहिले होते. तिथल्या दगडावर हात ठेवताना हे लक्षात असू द्या.

पहिली मेट्रो धरून घाटकोपर, तिथून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बर मार्गानं सीबीडी बेलापूर. एकट्यानं जाऊ नका. संस्थेसोबत, जिमच्या गटासोबत किंवा पैसे घेऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकासोबत जा. सहल एकट्याची असली तरी कातळावर एकटं राहायचं नाही.

तिथं पोचल्यावर:

अंगाला सुवासिक काही लावलेलं नसावं. कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वास व धूर यांनी माश्या उठतात. मोहोळ दिसलं तर वाट बदला.

वर जायचं झालं की हेल्मेट आधी, फोटो नंतर. बेसाल्टचे पापुद्रे सुटतात. धरण्याआधी पकडीवर मुठीनं ठोका. पोकळ आवाज आला तर ती सोडा.

पहिले चार मार्ग वरून दोर लावलेलेच करा. निघण्यापूर्वी तुमचा हार्नेस, तुमची गाठ, समोरच्याचं दोर धरायचं उपकरण आणि त्याच्या कडीचं कुलूप, चारही गोष्टी दोघांनी मोठ्यानं बोलून तपासा.

उन्हं तापली की थांबा, साधारण दहाच्या आसपास. बोटातून रक्त येण्यापूर्वी उतरणं हेच शहाणपण.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही लोक कातळाच्या ओढीनं जातात. ते वनखात्याचं संरक्षित जंगल आहे, सोमवारी बंद असतं, आणि परवानगीशिवाय दोर लावायचा नाही. तिथली कान्हेरीची लेणी मात्र वेळ असेल तर जरूर पाहा, शंभरावर गुंफा एकाच काळ्या डोंगरात कोरलेल्या आहेत. अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब खालून बघा, चढायचं नाही.

खोलीवर परत, आंघोळ, पोटभर जेवण, झोप. तीन तास तरी. ही झोप टाळली तर रात्र वाया जाते.

शनिवार रात्र

या रात्रीमागं बराच इतिहास आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, १९९८ च्या सुमारास गे बॉम्बे या गटानं भेटी आणि पार्ट्या सुरू केल्या. कुलाब्याचा वूडू हा पब शनिवारच्या रात्रींसाठी ओळखला जायचा. आता तो नाही. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं आणि पार्टीचा पत्ता तोंडी फिरायचा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. त्या याचिकाकर्त्यांत केशव सुरी होते, ज्यांच्या 'द ललित' हॉटेलांमधल्या किट्टी सू क्लबनं ड्रॅग कलाकारांना मानाचा मंच दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. दारात पोलीस दिसला म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही.

मुंबईत रोज उघडा असणारा, पाटी लावलेला गे बार शोधत फिरू नका. इथं पार्ट्या होतात: एखादा गट एका रात्रीसाठी नेहमीचा पब घेतो. गे बॉम्बे, सॅल्व्हेशन स्टार यांसारख्या आयोजकांची इंस्टाग्राम खाती आठवडाभर आधीपासून बघा. तारीख, ठिकाण, प्रवेश फी तिथं येते. जुन्या लेखातला पत्ता धरून जाऊ नका, जागा बदलतात.

वयाचं: महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतात, त्यासाठी परवाना असतो, तो एका दिवसापुरताही मिळतो. ओळखपत्र दारातच मागतात. आणि दारू घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. लिंबू-सोडा हातात धरून पूर्ण रात्र नाचणारे खूप असतात.

अकराच्या सुमारास पोचा. आधी गेलात तर हॉल रिकामा असतो, आणि रिकाम्या हॉलमध्ये एकट्या माणसाला परत फिरावंसं वाटतं. आत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं भिंतीशी उभे राहा, बघा. पुरुष पुरुषाचा हात धरून उभा आहे आणि कुणी वळून पाहत नाहीये, हे डोळ्यांना पचायला वेळ लागतो. काहींना रडू येतं. येऊ द्या. मग नाचायला जा. नीट नाचता येतं की नाही हे तिथं कुणी मोजत नाही.

आतले नियम असे. कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. तुमच्यासारखाच तिथंही कुणी परभणीहून, चंद्रपूरहून गुपचूप आलेला असतो. हात लावण्यापूर्वी विचारायचं. तुम्हाला नको असेल तर "नको, थँक्यू" एवढं पुरे, कारण द्यावं लागत नाही. ग्लास हातातून ठेवलात तर तो पुन्हा उचलायचा नाही. कुणी गोळी किंवा पावडर पुढं केली तर तिथून हला.

कुणी आवडला आणि सोबत जायचं ठरलं, तर आधी त्याचं नाव आणि जाण्याचा पत्ता त्या तुमच्या माणसाला पाठवा, त्याच्यासमोर पाठवा. यात लपवण्यासारखं काही नाही. चांगला माणूस उलट निश्चिंत होतो. अॅपवरून ओळख असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग सार्वजनिक जागी चहा, मग पुढचं. खोलीत नेऊन, फोटो काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या असतात. असं झालं तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. खंडणी हा त्यांचा गुन्हा आहे. ११२ ला फोन करा, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, आणि हमसफर ट्रस्टला कळवा.

कंडोम वापरा. तो फाटला किंवा राहिला, तर घाबरून बसू नका: एचआयव्ही टाळण्याची पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, म्हणून लगेच सरकारी रुग्णालयात विचारा. १०९७ हा एचआयव्हीविषयी माहिती देणारा सरकारी मोफत क्रमांक पाठ करून ठेवा. असे प्रसंग वरचेवर येणार असतील तर रोज घ्यायच्या प्रेप गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

परतताना लोकलच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या गाड्या साडेबारा-एकच्या आसपास जातात आणि पुढची पहाटे चारच्या सुमारास. अॅपवरून टॅक्सी बोलवा, नंबर आपल्या माणसाला पाठवा.

ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी पार्टीऐवजी गे बॉम्बेची एखादी गप्पांची भेट किंवा हमसफरच्या 'यारियां' या तरुणांच्या गटाचा कार्यक्रम गाठावा. मे-जूनमध्ये 'कशिश' हा चित्रपट महोत्सव असतो, २०१० पासून. तिथं अंधारात बसून आपल्यासारख्यांच्या गोष्टी बघता येतात आणि मध्यंतरात शेजारी आपणहून बोलतो.

रविवार: समुद्र

उशिरा उठा. पोहे, चहा, भरपूर पाणी. सामान हॉटेलात ठेवून वर्सोवा किंवा जुहू.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातली माणसं कॅलेंडरवर करतात, तुम्हीही करा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढा, ती भरतीची ढोबळ वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती, तीही मोठी. चालायला ओहोटी चांगली, वाळू रुंद आणि घट्ट असते.

आपण विहिरीत आणि नदीत पोहायला शिकलेली माणसं. समुद्राची ओढ वेगळी आहे. लाट परत जाताना पायाखालची वाळू काढून नेते. गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नका, जीवरक्षक जिथं उभे आहेत तिथंच राहा. मालाडच्या आक्सा किनाऱ्यावर कित्येक जण बुडाले आहेत, तिथं पाण्यात उतरूच नका. दारू उतरली नसेल तर कुठेच नाही. वर्सोव्याचा किनारा २०१५ पासून नागरिकांनी हातांनी साफ केला आणि २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. कागदाचा कपटाही टाकू नका.

चौथा दिवस हाताशी असेल तर मार्व्याहून फेरीबोटीनं मनोरी. तो किनारा जुहूपेक्षा शांत आहे.

परतीच्या गाड्या संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान सीएसएमटीहून सुटतात. अंधेरीहून निघताना दोन तास हाताशी ठेवा.

नंतर

रात्रीचं काही घडलं असेल तर तपासणीची तारीख डॉक्टरांना किंवा १०९७ वर विचारून फोनमध्ये टाका. पहिल्याच आठवड्यातली तपासणी पुरी नसते. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवतात. गावात ओळखीच्या लॅबमध्ये जायची गरज नाही.

सोलल्या बोटांना खोबरेल तेल लावा, आठवडाभर फांदीला लोंबकळू नका. ज्यांच्यासोबत दोर धरला त्यांना निरोप पाठवा, पुढच्या वेळी ते तुम्हाला बोलावतील. परतून चार दिवसांनी मन बसायला लागलं, गाव अंगावर यायला लागलं, तर १४४१६ वर टेलीमानसचे समुपदेशक मराठीत बोलतात. समलैंगिकता 'बरी करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कुणी नेलं तर जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशा उपचारांना गैरवर्तन ठरवलंय.

गाडी अकोल्याला पहाटेच्या अंधारात लागते. भुसावळ गेलं की झोपू नका, किंवा दोन गजर लावा; पुढं डोळा लागला तर थेट बडनेरा गाठाल. अकोल्याच्या बसस्थानकावर चहा घ्या आणि उजाडल्यावर बार्शीटाकळीची पहिली एस.टी. पकडा.